आत उघडणारं दार

आता कुठून सुरुवात करू? हसणार असाल तर चहा आधी संपवा, नाहीतर ठसका लागेल. दहिवलीच्या माझ्या घरात भाताच्या खोलीला मी दार कसं बसवलं, त्याचा हा किस्सा. मला कुणी फसवलं नाही. सगळं मीच हौसेनं केलं.

मूळ कारण वसंता. हा माझा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. भिवपुरीच्या पॉवर हाऊसला नोकरी, आणि घर बांधलं माझ्या आधी! तेव्हापासून आमच्याकडे जेवताना भाजीबरोबर वसंताचं घरही वाढलं जायचं. वसंतरावांची ओटी किती रुंद, वसंतरावांच्या न्हाणीघरात किती उजेड. खोटं कशाला बोलू, मी जळत होतो. घास उतरत नव्हता. बायकोनं एकदा तरी माझ्या घराकडे बोट दाखवून म्हणावं, 'असं वसंतरावांकडं नाय.' बस्, एवढीच इच्छा होती.

शेवटी मीही घर बांधायला काढलं. भाताच्या खोलीला दार बसत होतं आणि नेमका वसंता आला. कुणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाला, "दादा, ह्ये दार भाईर उघडू द्या. आमच्या पॉवर हाऊसला तसंच असतंय. आत काय झालं तर मानसानं नुसतं ढकलायचं नि निघायचं."

गंमत बघा, सुतार ते दार बाहेरच उघडेल असं बसवत होता. मीच तसं सांगितलं होतं. पण वसंता बोलला आणि माझं दार त्याचं झालं! उद्या बायको म्हणणार, वसंतरावांनी सांगितलं म्हणून बरं. आणि भाताच्या खोलीत होणार काय होतं? भात उठून पळणार होता? वसंताची पाठ वळली तसं मी सुताराला म्हटलं, "फिरव. आत उघडू दे." त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि फिरवलं.

मग आली वास्तुशांत. वसंताच्या घरी भाताची थप्पी आढ्याला लागलेली असायची. माझा भात त्या मानानं थोडका. मग मी काय केलं? गिरणीतून तूस आणलं, पोत्यांत भरलं, ती पोती खाली रचली आणि वर खऱ्या भाताची चढवली, पार कौलांपर्यंत. मध्ये दोन माणसं उभी राहतील एवढीच बोळ ठेवली. बघणाऱ्याला वाटावं, अख्खं कर्जत जेवेल एवढा भात आहे.

पानं मांडायला सुरुवात झाली होती. मी वसंताला खोली दाखवायला आत नेलं. त्यानं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "बरी हाय." नुसती बरी? माझं डोकंच फिरलं. म्हटलं, थांब, दार लावल्यावर बघ, उंदराला शिरायला फट नाही. आणि दार धाडकन लावलं.

खालचं तूस वरच्या ओझ्यानं आधीच दबलं होतं. दाराजवळची थप्पी जराशी कलली, आणि पोत्यामागून पोतं दारावर येऊन बसलं. दार उघडणार आत, आणि आत पोती. ती सरकवायला जागा एकच, जिथं आम्ही दोघं उभे होतो ती. बाहेरून चार जण रेटत होते. उपयोग शून्य.

त्यात एक पोतं फाटलं. कौलांतून येणाऱ्या उजेडात वसंतानं मूठभर उचललं, फुंकर मारली. मूठ रिकामी झाली.

"दादा," तो शांतपणे म्हणाला, "औंदा तुमचा भात लय हलका आलाय."

त्या खोलीतून मला कधी नव्हे एवढी बाहेर पडायची घाई झाली. पोत्यांवर चढलो, कौलं काढली. वसंता पहिल्यापासून काटकुळा, तो वाशांमधून सुळकन बाहेर गेला. मागून मी निघालो आणि कमरेपाशी अडकलो. तोवर खाली अंगणात पंगत बसलेली. घास हातात धरून सगळी दहिवली वर बघत होती. माझ्या डोक्यात तूस, मिशीत तूस, आणि साडू मला काखेत हात घालून ओढतोय.

तेवढ्यात बायको वाढता वाढता थांबली. तिनं वर बघितलं, माझ्याकडे बोट दाखवलं आणि बहिणीला म्हणाली, "बघ गं, असं तुमच्याकडं नाय."

दुसऱ्याच दिवशी सुताराला बोलावून दार फिरवून घेतलं. आता ते बाहेर उघडतं, आतून नुसतं ढकललं तरी. वसंता घरी आला की मी स्वतः पुढं होऊन त्याच्यासाठी उघडून धरतो. तो अंगणातच थांबतो, कौलांकडे बघतो आणि विचारतो, "दादा, शिडी कुठं हाय?"