रेखा गाळात रुतली तेव्हा

मंडळी, आत्ताच दौंडला पोचलोय. अंगावरचा चिखल अजून वाळतोय, पण आधी हे लिहिते.

कारेगावच्या कंपनीत माझ्याबरोबर काम करणारी रेखा आन् मी तीन दिवस भीमेच्या बॅकवॉटरला कयाक वल्हवत फिरलो, काठावर तंबू ठोकून राहिलो. आज सकाळी निघताना मी कयाकमध्ये बसले, रेखा ती ढकलायला मागं राहिली आणि एकदम मांडीपर्यंत गाळात गेली.

"वढ मला!" ती किंचाळली.

मी उडी मारणारच होते. तेवढ्यात जवळच जाळं काढणारे एक मामा होडीतून ओरडले, "ताई, उतरू नका! दोघी बी रुतताल. कयाक त्यांच्याजवळ न्या." मग रेखाला म्हणाले, "पाय वढू नका. पोटावर आडव्या व्हा कयाकवर."

मी वल्हं गाळात रोवून कयाक घट्ट धरली. रेखा तिच्यावर आडवी झाली. हळूहळू एक पाय सुटला, मग दुसरा. धाप लागलेली, तरी म्हणाली, "चल, अजून दोन तास वल्हवायचंय."

आणि आम्ही वल्हवलं.

जिवाच्या मैत्रिणीसाठी उडी मारणं सोपं असतं. ती ओरडत असताना जागेवर बसून राहणं आज मला जमलं. खरं सांगा, तुम्ही बसला असता?