कळा, खऱ्या आणि खोट्या

माझं पहिलं बाळंतपण सासरी झालं, ग्वाल्हेरला. पुण्याला माहेरी आई नव्हती, आणि वहिनीच्या जिवावर जाऊन पडणं मला मानवलं नसतं. सासूबाई म्हणाल्या, "इथेच राहा, मी आहे ना." त्या होत्याच. जरा जास्तच होत्या. मी नुसता कंबरेला हात लावला तरी माजघरातून आवाज यायचा, "दर्द सुरू झाले का गं?"

नववा लागला न लागला तोच एका दुपारी पोट दगडासारखं घट्ट झालं. सासूबाईंनी देव पाण्यात घातले, टांगा मागवला आणि आम्ही कंपू भागातल्या दवाखान्यात पोचलो. तिथल्या नर्सबाईंना मी माझ्या पुणेरी हिंदीत सांगितलं, "बहुत कळ आती है." त्या म्हणाल्या, "कल आती है? तो कल आना, आज क्यों आई हो?" सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मला असा राग आला की मी दुखणं विसरले. थोड्या वेळाने दुखणंही मला विसरलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "अभी झूठे दर्द हैं," त्या म्हणाल्या. "घर पर ऐसा हो तो पानी पीना, चलना, करवट बदलना. झूठे होंगे तो बैठ जाएँगे. सच्चे दर्द किसी की नहीं सुनते, कमर से उठते हैं और बढ़ते ही जाते हैं. और पानी छूटे या खून दिखे, तो कुछ सोचना मत, सीधी चली आना." पुढे आठवडाभर शेजारपाजारी माझी थट्टा चालली. मी ते बोलणं मात्र मनात पक्कं धरून ठेवलं.

त्याच सुमारास मध्य भारत हे राज्य मोडून नवा मध्य प्रदेश झाला आणि राजधानी गेली भोपाळला. ह्यांचं सरकारी खातंही तिकडे निघालं. बाड्यावर, गावातल्या मोठ्या चौकात, भेटेल तो एकच विचारायचा, "तुमचं काय, भोपाळ की ग्वाल्हेर?" ह्यांना ठरल्या दिवशी तिथे हजर व्हायचं होतं. नाही झाले तर नव्या खात्यात जागा राहील याची कुणी खात्री देत नव्हतं.

निघायच्या सकाळी होल्डॉल बांधून झाला आणि माझं पोट पुन्हा आवळून आलं. सासूबाईंनी होल्डॉलचा पट्टाच सोडला. "कुठे जाऊन राहिलास? बायकोला दर्द उठलेत आणि ह्याला नौकरीची पडली आहे!" हे सुटलेल्या होल्डॉलवर बसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू सांग. राहू का?"

राहा म्हणायला जीभ वळवळत होती. मला ते जवळ हवेच होते. पण मी आधी तांब्याभर पाणी प्याले आणि अंगणात फेऱ्या घातल्या. पोट पुढूनच आवळत होतं, कंबर गप्प होती. एक कळ जोराची, पुढची लेचीपेची, मग बराच वेळ काहीच नाही. डाव्या कुशीवर पडले तर उरलीसुरलीही विरली. मी उठले आणि होल्डॉलचा पट्टा स्वतः आवळला.

"खोट्या आहेत. तुम्ही निघा."

"आणि सच्च्या निघाल्या तर?" सासूबाई कडाडल्या. "पहिलटकरीण तू, तुला काय समजतं?"

"पोट माझं आहे, आई."

त्या घरात सुनेने असं बोलायची पद्धत नव्हती. हे गेले. सासूबाई दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत, पण माझ्यापासून हलल्याही नाहीत. संध्याकाळी मी कणीक मळायला बसले तेव्हा कुठे त्यांनी सुस्कारा सोडला. मला स्वतःचा इतका अभिमान वाटत होता की गाडीमागे धावत जाऊन ह्यांना सांगावंसं वाटलं.

हे भोपाळला रुजू झाले, तिथून खुशालीही आली. मग एका सकाळी भाजी चिरताना कंबरेतून कळ उठली आणि पुढे आली. पाणी प्याले, चालले, कूस बदलली. ती काही ऐकेना. पाठोपाठ दुसरी आली, पहिलीपेक्षा नेटाची, मग तिसरी.

"आई, टांगा," मी म्हटलं.

शेजारची भाभी दारात उभी होती. ती हसून म्हणाली, "अरे अम्मा, फिर झूठे होंगे. थोड़ा रुककर देख तो लो!"

सासूबाई चपला घालत होत्या. त्यांनी मला काही विचारलं नाही, माझ्या पोटाला हातसुद्धा लावला नाही.

"रुकना क्या है?" त्या म्हणाल्या. "बहू ने कह दिया, सच्चे हैं."

टांग्यात चढताना मला उभं राहवत नव्हतं, तरी मी ताठ मानेने चढले.