पंचफुलाबाईंनी घंटा बंद केली

लकडगंजाजवळच्या आमच्या प्राथमिक शाळेत पंचफुलाबाई चपराशीण होत्या. पाणी भरायचं, वर्ग झाडायचे आणि टांगलेल्या रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर हातोडी मारून घंटा द्यायची. मी पहिलीला शिकवायचे. १९७६ साली माझ्या वर्गात तारा आली. सहा वर्षांची. बोलायची नाही, डोळ्याला डोळा भिडवायची नाही. दिवसातून चार-पाचदा कान दाबून किंचाळायची, भिंतीवर डोकं आपटायची. स्वमग्नता हा शब्द तेव्हा आम्हाला कुठला ठाऊक असायला! हेडमास्तर म्हणाले, "यमुताई, पोरगी वेडी आहे. नाव कमी करा."

मी पेन उघडलंही होतं. दारातून पंचफुलाबाई म्हणाल्या, "थांबा बाई. थे घंटीले भेते. माह्या हातानंच रडून राहिली थे."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घंटा दिलीच नाही. तास संपला की वर्गावर्गाच्या दारात उभं राहून लाल फडकं हलवायच्या.

ताराची आई कौसल्या मिरचीच्या गोदामात देठं खुडायची. शनिवारी शाळा सुटल्यावर पंचफुलाबाई तिला घेऊन आल्या. आम्ही तिघी पायरीवर बसलो. तारा घरी कशानं शांत होते, ते कौसल्यानं सांगितलं: अंगावर जड गोधडी, हातात चिंचोके. "मले कोनं कधी इचारलंच नाही," ती म्हणाली. मग दर शनिवारी बसायचंच ठरलं. मी चिंचोक्यांवर अंक शिकवू लागले. वर्गात गलका वाढला की पंचफुलाबाई ताराला रांजणापाशी, सावलीत नेऊन बसवायच्या.

हेडमास्तरांनी पंचफुलाबाईंकडून लेखी खुलासा मागितला. त्यांना लिहिता येत नव्हतं. "तुमी लिहा बाई. घंटा वाजवनार नाही म्हना. पोरीचं नाव कापाचं असन तं आधी माहं कापा." मी तसंच लिहिलं. त्यांनी अंगठा उठवला, खाली मी सही केली.

महिन्याभरात त्यांची शहराच्या दुसऱ्या टोकाला बदली झाली. मला ठपका मिळाला. नवा चपराशी हातोडी घेऊन निघाला, तर कौसल्या काम सोडून आलेली, रुळाखाली ठाण मांडून बसलेली. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी हेडमास्तरांनीच रूळ उतरवायला लावला.

तारा चौथीपर्यंत शिकली. हजेरीला पहिल्यांदा "आहे" म्हणाली, त्या संध्याकाळी मी पंचफुलाबाईंना सांगायला त्यांच्या नव्या शाळेत गेले. त्या तिथल्या हेडमास्तरांपुढे उभ्या होत्या. कोपऱ्यात एक मुलगी भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"नाव कापू नका जी," त्या म्हणत होत्या. "पयले तिच्या मायले बोलवा."