काकूंनी घडवलेली भेट

मागच्या खोलीतल्या टाकीत मासा नव्हता. माझं डोकंच फिरलं. हॉलमध्ये येऊन बघतो तर नवा मासा मोठ्या टाकीत, जुन्याच्या शेजारी. महानंदाकाकू ओट्याकडे तोंड करून उभ्या.

मी नांदेडचा. मत्स्यालयं लावून देणं, सांभाळणं हा माझा धंदा. खाऱ्या पाण्याचे मासे पाळणारे आमच्या भागात बोटावर मोजण्याएवढे. त्यातले एक लातूरचे आप्पा, काकूंचे मालक. आडतीच्या दुकानावरून आले की टाकीपुढे खुर्ची टाकून बसायचे. आप्पा गेले, त्यांचा केशरी क्लाऊन मासा तेवढा राहिला. काकू त्याला जिवापाड जपायच्या. तो एकटा पडलाय, जोडीदार आणा म्हणाल्या.

आणला. पण बाहेरचा मासा थेट जुन्यात सोडायचा नसतो, तो रोग घेऊन येतो. म्हणून वेगळी छोटी टाकी लावतात, क्वारंटाइन टँक. नुसती काच, मीठ कालवलेलं पाणी, हीटर, स्पंज फिल्टर, लपायला पाइपाचा तुकडा. वाळू नाही, दगड नाही. औषध तांब्याचं असतं, ते दगड शोषून घेतात. मोठ्या टाकीत हे औषध चालत नाही, तिथले प्रवाळ मरतात. महिनाभर मासा वेगळा ठेवा, असं मी बजावून सांगितलं होतं. काकू हाव हाव म्हणाल्या होत्या.

"काकू, काय केलंत हे?"

त्या पदराला हात पुसत वळल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या तोंडून तो शब्द आला अन् काळीज हललं बघा. ह्यांनाबी क्वारंटाइन म्हणूनच नेलं होतं. काचेतूनसुदिक बघू दिलं न्हाई. मागल्या खोलीत ते लेकरू एकलंच फिरत होतं. न्हाई बघवलं मला."

आप्पा करोनात गेले, एवढंच मला ठाऊक होतं. माझा राग कुठल्या कुठे गेला.

दोन्ही मासे काढून छोट्या टाकीत, औषधात घेतले. पण जुन्याच्या अंगावर धुरळा बसल्यासारखी बारीक पूड दिसत होती. या रोगाला व्हेल्वेट म्हणतात. तो कल्ल्यात शिरला की मासा गुदमरतो. मी बहिणीकडे लातुरातच मुक्काम ठोकला, औषध मोजत राहिलो. काही उपयोग झाला नाही. आप्पांचा मासा गेला. ज्यानं रोग आणला तो मात्र धडधाकट. दुनियेची रीतच आहे ही.

मला लई वाईट वाटलं. काकूंना काय तोंड दाखवावं कळेना. शेवटी त्याच बोलल्या.

"जाऊ द्या. ह्याच्या वेळेला तरी मी जवळ होते."

मोठी टाकी रोग मरेपर्यंत बिनमाशाची ठेवणं भाग होतं. म्हणजे नवा पुन्हा छोट्या टाकीतच, एकटा. फक्त ती टाकी मी उचलून हॉलमध्ये आणली, आप्पांच्या खुर्चीला लागून. हल्ली सगळीकडेच मी क्वारंटाइन टँक माणसं बसतात तिथे लावतो. माशाला त्यानं काही फरक पडत नाही.