टाकीवालीचं नाक

मावशीनं ‘पेटवा’ म्हटल्याशिवाय इस्पितळाच्या स्वयंपाकघरात चूल पेटत नसे. अडीचशे रुग्णांचा चहा अडू दे, मोठे डॉक्टर दारात येऊन घड्याळ बघू देत, आचारी लायटरला हात लावायचा नाही. मागच्या अंगणातल्या टाकीपासून गॅसचा पाईप भिंतीच्या कडेनं आत आला होता. त्याच्या नऊ जोडांपाशी मावशी रोज पहाटे वाकायची, डोळे मिटून हुंगायची आणि मग कमरेवर हात ठेवून हुकूम द्यायची. त्यानंतर पाच बर्नर निळेशार पेटायचे.

हा गॅस इस्पितळाच्याच खरकट्याचा. वॉर्डांतून परत आलेला भात, पावाचे तुकडे, भाज्यांची सालं, चहाचा चोथा, सगळं मावशीच्या हाताखालून जायचं. हाडं बाजूला, लिंबाची सालं बाजूला, औषधांची वेष्टनं बाजूला. एकदा एका आजोबांची कवळी सापडली होती. ती मावशीनं घासूनपुसून परत नेऊन दिली आणि कुठं सापडली ते काही सांगितलं नाही. उरलेलं दळायचं, तितकंच पाणी घालून पातळ करायचं आणि टाकीच्या तोंडात ओतायचं. टाकीतून दुसऱ्या बाजूनं जो गाळ बाहेर पडे, त्याला मातकट वास आला की टाकीचं पोट ठीक. आंबूस वास आला की टाकीला दोन दिवस उपास. हे तपासायचे रंगीत कागद कपाटात पडून होते. मावशी म्हणायची, “कागदाला काय कळतंय? त्यानं कधी उष्टं उचललंय का?”

स्वयंपाकघराच्या भिंतीवर गॅस ओळखणारं एक यंत्रही होतं. पण कांदा परतला की ते कोकलायला लागायचं. आचाऱ्यानं एक दिवस वैतागून त्यातले सेल काढले आणि आपल्या रेडिओत घातले. “आपल्याकडं मावशी आहेत की!” तो म्हणाला, आणि सगळे हसले. मावशीही हसली. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

का चढू नये? टाकीवर येण्याआधी पंधरा वर्षं तिनं वॉर्डातल्या फरश्या पुसल्या होत्या. तेव्हा तिला हाक यायची ती ‘ए, इकडं सांडलंय’ एवढीच. टाकीवर आली आणि अकरा वर्षांत ती मावशी झाली. लोक तिच्या तोंडाकडं बघून थांबायला लागले. ज्याच्यासाठी आयुष्यात कुणी कधी थांबलंच नाही, त्याला हे सुख किती लागतं ते त्यालाच ठाऊक.

आणि मग दोन महिन्यांपूर्वी ती तापानं आठ दिवस अंथरुणाला खिळली. ताप गेला, पण जाताना नाक घेऊन गेला. तिला ते कळलं तेही घरी. ती चुलीकडं पाठ करून डाळ निवडत बसली होती आणि मागं दूध आटून, करपून भांड्याला चिकटलं. सून खालून धावत आली.

“अहो आई, जिन्यापर्यंत वास येतोय! आणि तुम्ही इथंच बसलाय?”

“डोळा लागला होता गं,” मावशी म्हणाली.

घरात या दोघीच. मुलगा लांबच्या शहरात गाडीवर होता, चार महिन्यांनी एकदा तोंड दाखवायचा. सुनेला स्वयंपाकघरात कामाला लावलं होतं ते मावशीनंच, आचाऱ्याकडं शब्द टाकून. त्या सुनेलाही तिनं सांगितलं नाही. आज येईल वास, उद्या येईल, असं म्हणत ती न्हाणीघरात साबण नाकाला लावून बसायची. तिला रडू यायचं, पण साबणाचा वास काही यायचा नाही.

मावशी वस्ताद होती. ती सगळ्यांच्या आधी येऊन जोडांवर साबणाचा फेस चोळायला लागली. फुगे आले नाहीत की फेस पुसायची आणि मग आचाऱ्यासमोर डोळे मिटून हुंगायचं नाटक करायची. खरं सांगायचं तर फेस नाकापेक्षा भरवशाचा. तेवढंच तिनं उघड केलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. गाळाची परीक्षा मात्र ती येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तोंडावर करायची. कुणी फारच नाक मुरडलं तर टाकीला कमी घालायचं. पण कचऱ्याजवळून जाताना माणूस नाक मुरडतोच. त्यावरून मातकट कुठलं आणि आंबूस कुठलं, हे कसं कळणार?

त्या आठवड्यात वॉर्डांत एक नवी पेज सुरू झाली. ती कुणाच्या घशाखाली उतरेना. तीन दिवस बादल्याच्या बादल्या परत आल्या आणि मावशीनं सगळ्या टाकीत ओतल्या. तिसऱ्या दिवशी सून गाळापाशी थबकली.

“आई, हे आंबल्यासारखं वाटत नाही का तुम्हाला?”

“तू तुझी भाजी चीर. टाकीचं मी बघते.”

चौथ्या दिवशी पहाटे टाकी आतून फेसाळली. फेस पाईपात चढला, गॅस अडला आणि पेटलेले बर्नर एकेक करून विझले. आचारी कोठीत तांदूळ मोजत होता, सून मोरीवर भांडी विसळत होती. थोड्या वेळानं पाईप मोकळा झाला आणि उघड्या बर्नरांतून न पेटलेला गॅस सुटत राहिला. सुनेनं वळून पाहिलं, धावत जाऊन सगळ्या चाव्या बंद केल्या आणि मागच्या दारातून हाक मारली. मावशी आली. आचारीही आला.

“आई, मला वास येतोय.”

“फरशी आत्ताच पुसलीय, फिनेलचा येत असेल,” आचारी म्हणाला. “तीस वर्षं फोडण्या देऊन माझं नाक कधीच बाद झालंय. मावशी, तुम्ही बघा. वरून चहासाठी बोंब चाललीय.”

दोघं तिच्या तोंडाकडं बघत उभे राहिले. मावशी वाकली, नेहमीसारखे डोळे मिटले. आत काही नव्हतं. दोन महिन्यांत जे नव्हतं तेच नव्हतं. खिडक्या उघडा, अर्धा तास थांबू, एवढं म्हणणं तिच्या हातात होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण मग आचारी म्हणेल, का? मावशी, तुम्हाला वास येत नाही का?

ती सरळ उभी राहिली.

“काही नाही. पेटवा.”

सून क्षणभर थांबली. मग तिनं आपल्या नाकावर विश्वास ठेवायचा सोडून सासूच्या नाकावर ठेवला आणि लायटर उचलला.

आवाज फार मोठा झाला नाही. भप्प असं झालं आणि खिडकीची तावदानं अंगणात पडली. सुनेचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला, भुवया गेल्या, कपाळावरचे केस गेले. आचाऱ्यानं तिच्यावर ओली गोणपाटं टाकली. मावशी जागची हललीच नाही. जळलेल्या केसांचा वास सगळ्या मजल्यावर गेला, असं मागाहून लोकांनी सांगितलं.

भडक्यानंतर पाचव्या दिवशी इस्पितळाच्या व्यवस्थापक मॅडम चौकशीला आल्या. सून दुसऱ्या मजल्यावरच्या खाटेवर होती, हात पट्ट्यांत गुंडाळलेला. मावशी पायथ्याशी स्टुलावर बसली होती. पाच दिवसांत दोघी त्या सकाळबद्दल एक अक्षर बोलल्या नव्हत्या. सून ‘पाणी द्या’ म्हणायची, मावशी पाणी द्यायची.

“पेटवण्याआधी तपासलं होतं ना?” मॅडमनी विचारलं.

“हो,” सून म्हणाली. “आईंनी नीट तपासलं. वास कुणालाच आला नाही. मलाही नाही.”

मॅडमनी ते लिहून घेतलं. “म्हणजे यात माणसाची चूक नाही, टाकीचाच दोष.” त्यांनी वही मिटली.

आता गप्प बसलं की सुटलं. उद्यापासून पुन्हा टाकी, पुन्हा नऊ जोड, आणि नवी कुणी बाई लायटर घेऊन तिच्या तोंडाकडं बघत उभी. मावशी स्टुलावरून उठली.

“वही उघडा, मॅडम,” ती म्हणाली. “ही खोटं बोलतेय. हिला वास आला होता. हिनं तोंडानं सांगितलं मला. मला दोन महिने कशाचाच वास येत नाही.”

“आई, असू द्या ना,” सून कळवळली.

मॅडमनी पुन्हा वही उघडली. “मग तुम्ही पेटवा का म्हणालात?”

मावशीनं सुनेच्या हाताकडं पाहिलं. मग म्हणाली, “येत नाही म्हणायची लाज वाटली. दुसरं काही कारण नाही.”