आकारामचा दीड मण

कडेगावच्या आकारामनं पलटणीतून कायमचं घरी येताना एक पत्र्याची ट्रंक, दोन घोंगड्या आणि ताकद मोजायची एक रीत आणली. ट्रंक बायकोनं, बनुबाईनं, ताब्यात घेतली. घोंगड्या थोरल्या भावानं नेल्या. रीत कुणी मागितली नाही, म्हणून ती त्याच्याकडंच राहिली.

साल सेहेचाळीस. आकाराम चौतिशीचा. तालमीतल्या पोरांत जाऊन लंगोट कसायची त्याला लाज वाटायची, पण पलटणीत लागलेली वजनाची सवय सुटत नव्हती. म्हणून त्यानं परड्यातच सोय केली. मोडक्या बैलगाडीचा लोखंडी आस घेतला, दोन्ही टोकांना जुन्या जात्यांचे भोकाचे दगड ओवले आणि बाहेरून पाचरी ठोकल्या. हे धूड छातीवर घ्यायचं आणि तिथून डोक्यावर.

पहिल्याच आठवड्यात आपण जास्तीत जास्त किती उचलतो ते बघावं म्हणून त्यानं दगडावर दगड चढवले. आस कपाळापर्यंत गेला आणि तिथून जो सुटला तो थेट गव्हाणीत. म्हशीनं दोन दिवस पान्हा चोरला.

"आवं, ताकद बघू नगा कोण म्हणतंय?" बनुबाई म्हणाली. "पर जनावर दूध दील अशा बेतानं बघा की!"

तेव्हा आकारामला पलटणीतल्या पीटीच्या उस्तादांची रीत आठवली. ते म्हणायचे, एकदम जीव काढू नका. झेपेल ते वजन दमेपर्यंत उचला, आणि जितक्या खेपा होतील तितक्या वेळा त्या वजनाचा तिसावा हिस्सा त्यात मिळवा. तो तुमचा एका खेपेचा कळस. आकारामनं पंचेचाळीस शेर दगड बांधले आणि दहा खेपा काढल्या. तिसावा हिस्सा दीड शेर, दहा खेपांचे पंधरा. पंचेचाळीस आणि पंधरा साठ. चाळीस शेरांचा मण, म्हणजे दीड मण!

दुसऱ्या दिवशी लालासाहेबांच्या गुऱ्हाळावर त्यानं हा आकडा सांगितला. लालासाहेब चुलाणापाशी ऊस खात बसले होते.

"कवा उचललास?"

"उचलला न्हाई अजून. हिशेब हाय."

"गड्या, हिशेबानं माझी म्हस बी पंधरा शेर दूध देती," लालासाहेब म्हणाले. "रविवारी हितं घिऊन ये तुजं गाडं. समद्यांम्होरं उचल."

रविवारी निम्मं गाव जमलं. माधवनगरच्या कापडगिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, असलेला कुतुबुद्दीन सुट्टीला आला होता. आकारामचा तो लहानपणापासूनचा दोस्त, आकडेमोडीत पक्का. त्यानं गुळाच्या काट्यावर साठ शेर दगड स्वतः तोलून दिले. आकारामनं हातांना राख चोळली, श्वास कोंडला आणि आस छातीवर घेतला. पुढं काही जाईना. मान फुगली आणि दगड धाडकन चिपाडांत बसले. लोक पोट धरधरून हसले. आकारामचं तोंड एवढंसं झालं.

बनुबाई काहिलीपलीकडं बायकांत उभी होती. ती डोईवरचा पदर सावरून पुढं आली.

"दगुड तोलला. आन् मदला आस? त्यो काय वाऱ्यावं तरंगतुय व्हय?"

कुतुबुद्दीननं आस काट्याला लावला. बारा शेर भरला.

"अरं तुज्या!" तो ओरडला. "बहात्तर शेर लावलं आपुन ह्येला!"

लगेच बारा शेर दगड उतरवले. आकाराम घटकाभर टेकला, पाणी प्याला, आणि आसासकट साठ शेर त्यानं असे डोक्यावर धरले की लालासाहेबांच्या हातातलं उसाचं कांडं तसंच राहिलं.

पण कुतुबुद्दीन जमिनीवर काटकीनं आकडे काढत बसला होता. "थांब, गड्या. घरी बी तू आस धरून सत्तावन्न उचलत हुतास. दहा खेपा म्हंजे आकडा येतुया शहात्तर. आन् तू तर बहात्तरलाच बसलास. उस्तादाची रीत गळती हाय."

आकारामला ते झोंबलं. आठवडाभर तो मुकाट्यानं परड्यात घुमत होता. मग एका सकाळी त्यानं आसासकट साठ शेर घेतले. पाच खेपा झाल्या, सहावी काही होईना. पाच खेपांचे दहा, एकूण सत्तर. तेव्हा त्याला उलगडलं. रीत खोटी नव्हती, खेपा जास्त झाल्या की अंदाज फुगत होता. दहाव्या खेपेला ताकद कमी आणि दम जास्त लागतो. जड वजन आणि थोड्या खेपा, मग आकडा खऱ्याच्या जवळ येतो.

पंधरा दिवसांनी कुतुबुद्दीन पुन्हा सुट्टीला आला, तेव्हा आकारामनं आसासकट सत्तर शेर तोलून घेतले. दोन गडी दोन्ही टोकांना उभे केले, म्हशीला बाहेर बांधलं, आणि वजन डोक्यावर नेलं. कोपरं सरळ झाली. त्यानं एकाहत्तर मागितले नाहीत.

त्यानंतर गावातली माणसं आपापला आकडा काढून घ्यायला परड्यात येऊ लागली. आकाराम कुणालाही एकदम भार उचलू द्यायचा नाही. पाच खेपांचं वजन आधी शोधायचा. एका दुपारी, कुणी नाही असं बघून, लालासाहेबही आले. धोतराचा काचा मारून त्यांनी चार खेपा काढल्या. आकारामनं बोटांवर हिशेब केला आणि त्यांच्या कानात आकडा सांगितला.

"बगू नगंस माज्याकडं असा," लालासाहेब म्हणाले, "आन् कुटं बोलू बी नगंस."

बनुबाईनं तीनदा विचारलं. आकारामनं तिन्ही वेळा म्हशीपुढं वैरण टाकली.