जादा गजरे

चाळीच्या जिन्यात मोगऱ्याचा वास आला की तो खेळ आठवतो. नात परदेशी जाताना मोबाइलवर शेतीचा खेळ शिकवून गेली. त्यातल्या माझ्या पिशवीत तिच्या नावाने मोगऱ्याचा गजरा रोज भेट यायचा. फोन येत नसे, पण गजरा चुकत नसे. एकदा खेळात इंग्रजी सूचना आली, ती शेजारच्या सुनेने वाचून दाखवली. "आजी, पिशवीत बिघाड आहे म्हणे. एकदा आलेली भेट आपोआप रोज पुन्हा येते. सोमवारी दुरुस्ती करून जादाच्या काढणार." मी म्हटलं, "माझे खरे आहेत गं, नातीने पाठवलेले." "मग राहतील की," म्हणत ती कुकर बघायला गेली. सोमवारी पिशवीत एकच गजरा उरला, शिकवताना दिलेला. नातीला मी काही विचारलं नाही. अजूनही नाही.